सहावी-सातवीच्या मुलांना महासागर आणि खंड कसे शिकवावेत? (नाशिककरांनो, कल्पना द्या)

शनिवारची_शाळा

नमस्कार मंडळी. शहराबाहेर त्र्यंबकच्या दिशेला असलेल्या एका शाळेत मी दर शनिवारी सहावी-सातवीला शिकवायला जाते. पोटापाण्याची नोकरी वेगळी, ही हौस. जुलैमध्ये भूगोलाचे दोन जोडतास माझ्याकडे आलेत. विषय: जगातले महासागर आणि खंड. वर्गात चाळीस मुलं. बऱ्याच जणांनी समुद्र पाहिलेलाच नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांनी सहलीत अलिबागला, तोही ओहोटीचा.

नावं सगळ्यांना येतात. आशिया, आफ्रिका, उत्तर अमेरिका... एका दमात म्हणून दाखवतात. पण पृथ्वीगोल हातात दिला आणि "अटलांटिकच्या दोन्ही काठांवर कोण कोण आहे?" असं विचारलं की वर्ग गप्प. एका मुलाने उलट मलाच विचारलं, "ताई, एक महासागर संपून दुसरा सुरू झाला हे जहाजवाल्याला कळतं कसं?"

माझ्या डोक्यात असं आहे की यादीपासून सुरुवात करायचीच नाही. ब्रह्मगिरीवरच्या पावसापासून करायची. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटर. तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. त्याच डोंगररांगेत जवळच उगवणारी वैतरणा मात्र पश्चिमेला उतरते, वाटेत मुंबईची तहान भागवते आणि अरबी समुद्राला मिळते. दोन नद्या, दोन समुद्र, आणि दोन्ही समुद्र एकाच हिंदी महासागराचे. इथवर मी पोचते. पुढे कसं न्यायचं ते सुचवा. वर्गात खरंच करता येईल असंच सांगा. प्रोजेक्टर आहे, पण पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही.

दुतोंड्या

गंगेला (आपल्या गोदावरीला) पूर आला की अख्खं नाशिक पाणी माझ्या, म्हणजे नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या, कुठवर आलं ते बघायला पुलावर गर्दी करतं. ते पाणी पुढे कुठे गेलं हे विचारायला आजवर कुणी आलं नाही. ताई, तुम्ही पहिल्या.

मुलांना टप्पे द्या: नांदूरमधमेश्वर, पैठणचं जायकवाडी, नांदेड, मग तेलंगण, मग आंध्रात राजमहेंद्री. त्याच्या खाली धवळेश्वरमला नदीचे फाटे होतात आणि त्यातल्या एका मोठ्या फाट्याला तिकडची माणसं गौतमीच म्हणतात. आपल्याकडे आजी गोदावरीला म्हणते तेच नाव, थेट समुद्राच्या तोंडाशी.

आणि वर्गात कुणी कळवण-मालेगावकडचं असेल तर त्याला गिरणा विचारा. मुलं बिनधास्त सांगतील "पूर्वेला वाहते, म्हणजे बंगालचा उपसागर". चूक! गिरणा पुढे तापीला मिळते आणि तापी तिला घेऊन सुरतेकडे, अरबी समुद्रात. एकाच जिल्ह्याचं पाणी दोन्हीकडे जातं. या एका प्रश्नावर वर्ग दहा मिनिटं भांडतो, स्वानुभव.

बाई_निवृत्त

माध्यमिकला भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून जरा कडक बोलते. पाठांतराला नावं ठेवायची हल्ली फॅशन आहे. मुलाला नाव माहीत नसेल तर तो नकाशात शोधणार काय? खंड सात, महासागर पाच, आणि तेही आकाराच्या क्रमाने. पॅसिफिक, अटलांटिक, हिंदी, दक्षिण, आर्क्टिक. आशिया, आफ्रिका, उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, युरोप, ऑस्ट्रेलिया. हे आधी तोंडात बसू द्या. मग रोज पाच मिनिटं कोरा आराखडा नकाशा, पेन्सिल, आणि पुस्तक बंद. पंधरा दिवसांत फरक दिसतो.

दुसरं असं की ब्रह्मगिरीवरून निघालात की तुमचे दोन्ही जोडतास गोदावरीतच बुडणार. मी पाहिलंय हे होताना. उत्साही शिक्षक "परिसरातून जगाकडे" म्हणत निघतात आणि तास संपतो तेव्हा पैठणला पोचलेले असतात.

दुतोंड्या

बाई, पैठणपर्यंत पोचले तरी पैठणी बघायला मिळेल :)

नकाशावेडा

बाईंचा क्रम मुलांच्या अंगात उतरवायची युक्ती देतो. तुमच्याकडे चाळीस मुलं आहेत, हे फारच सोयीचं आहे.

जमिनीवर खडूने जगाचा ढोबळ नकाशा काढा. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाणी. म्हणजे चाळिसांतली २८ मुलं पाण्यात उभी करा आणि १२ जमिनीवर. पाण्यातल्या २८ जणांची वाटणी साधारण अशी: पॅसिफिकमध्ये १३, अटलांटिकमध्ये ७, हिंदी महासागरात ५, दक्षिण महासागरात २ आणि आर्क्टिकमध्ये बिचारा एकटा. जमिनीवर बाराच जण आणि एकट्या पॅसिफिकमध्ये तेरा, हे मुलांना न सांगता दिसतं. आकड्यांत हवं असेल तर सगळी जमीन मिळून सुमारे १४.९ कोटी चौरस किलोमीटर आणि पॅसिफिक १६ कोटींच्या वर.

खरी गंमत पुढे. शिट्टी वाजवा आणि तीच चाळीस मुलं लोकसंख्येप्रमाणे उभी करा. समुद्र रिकामे. आशियात २४, आफ्रिकेत ७, युरोपात ४, उत्तर अमेरिकेत ३, दक्षिण अमेरिकेत २. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला एक पूर्ण मूलसुद्धा येत नाही. अंटार्क्टिका ओस. आशियातली मुलं एकमेकांच्या पायावर उभी राहतात, आरडाओरडा होतो, आणि नेमकं तेच त्यांच्या लक्षात राहतं.

यानंतर भिंतीवरचा नकाशा आणि पृथ्वीगोल शेजारी ठेवा. भिंतीवरचा नकाशा मर्केटर पद्धतीचा असेल (१५६९ सालची ही पद्धत, खलाशांना दिशा बिनचूक मिळावी म्हणून काढलेली) तर त्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट. आपला भारतसुद्धा ग्रीनलँडच्या दीडपट आहे: ३२.८७ लाख चौरस किलोमीटर विरुद्ध २१.६६ लाख. मोसंबीची साल सोलून ती टेबलावर सपाट करायला सांगा. फाटते. नकाशा काढणाऱ्याची सगळी अडचण तिथे कळते.

शनिवारची_शाळा

@नकाशावेडा, हे करणारच! पण "जहाजवाल्याला कळतं कसं" याचं उत्तर कुणीच दिलं नाही अजून.

नकाशावेडा

खरं उत्तर: पाण्यावर काहीच कळत नाही. पाणी सगळं एकच आहे, हद्दी माणसांनी ठरवल्यात. बहुतेक ठिकाणी खंडांचे किनारे सोयीच्या भिंती होतात. जिथे किनारा नाही तिथे रेखावृत्त किंवा अक्षवृत्त धरतात. आफ्रिकेच्या टोकाला अगुल्हास भूशिराच्या रेखावृत्तावर अटलांटिक संपून हिंदी महासागर सुरू झाला असं मानतात.

दक्षिण महासागर तर वादाचाच विषय. हद्दी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९५३ च्या यादीतून त्याला वगळलं. नॅशनल जिओग्राफिकने आपल्या नकाशांवर त्याला पाचवा महासागर म्हणून जागा दिली ती २०२१ साली. म्हणजे आपण शाळेत चार महासागर शिकलो असू तर ते चूक नव्हतं. त्याच्याभोवती जमिनीची भिंत नाही. अंटार्क्टिकाला वळसा घालणारा गार पाण्याचा प्रचंड प्रवाह हीच त्याची वेगळी ओळख. नकाशावर ६० अंश दक्षिण धरतात.

आई_सिडको

माझी मुलगी सातवीत. तिचा गोंधळ सांगते, तुमच्या वर्गातही हाच निघेल. आर्क्टिक आणि अंटार्क्टिका. दोन्ही पांढरे, दोन्ही गार, मग एक महासागर आणि एक खंड का? तिला सांगून पटेना. शेवटी ताटात पाणी घेऊन वर बर्फाचे तुकडे तरंगवले, हा आर्क्टिक. दुसऱ्या ताटात दगड ठेवून त्यावर बर्फ, हा अंटार्क्टिका. बर्फ वितळल्यावर एका ताटात नुसतं पाणी उरलं, दुसऱ्यात दगड. काम झालं.

त्या दगडावरचा बर्फ सरासरी दोन किलोमीटरच्या आसपास जाड आहे हे तिनेच नंतर शोधून काढलं. आणि तिथे आपली मैत्री आणि भारती ही दोन केंद्रं आहेत (मैत्री १९८९ पासून, भारती २०१२ पासून) म्हटल्यावर तर तिचा अंटार्क्टिका पक्काच झाला. त्याआधीचं पहिलं केंद्र दक्षिण गंगोत्री, १९८३ चं. नाव मुलांना आवडतं.

"पाणी एकच" यासाठी बदकांची गोष्ट सांगा. जानेवारी १९९२ मध्ये पॅसिफिकमध्ये एका मालवाहू जहाजावरून कंटेनर पडले आणि प्लास्टिकची २८ हजारांवर खेळणी, पिवळी बदकं, हिरवे बेडूक, निळी कासवं, समुद्रात सुटली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पहिली खेळणी अलास्काला लागली. पुढे कितीतरी वर्षं ती किनाऱ्यांवर सापडत राहिली आणि त्यावरून शास्त्रज्ञांनी सागरी प्रवाह तपासले. आमच्याकडे या गोष्टीची तीनदा फर्माईश झाली.

काळापाषाण

भूशास्त्र हा माझा धंदा, त्यामुळे राहवत नाही. तुम्ही सगळे पाण्याच्या मागे लागलात, पायाखाली बघा की.

नाशिकचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. पांडवलेणी ज्यात कोरली तो, रामशेजचा, अंजनेरीचा, आणि गोदाघाटाच्या पायऱ्यांचाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून तो तयार झाला. त्या वेळी भारत इथे नव्हताच. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात आज जिथे रीयुनियन बेट आहे त्या बाजूला, भूकवचाखालच्या एका तप्त स्थानावरून तो सरकत होता. ते तप्त स्थान अजून जागं आहे. रीयुनियनवरचा ज्वालामुखी आजही वारंवार पेटतो. मधल्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी बेटांची ओळ राहिली. नकाशात पट्टी ठेवून मुलांना ती ओळ शोधायला लावा.

मग गणित घाला. नाशिक ते रीयुनियन अंतर साधारण पाच हजार किलोमीटर. ६.६ कोटी वर्षांत पाच हजार किलोमीटर म्हणजे वर्षाला किती? उत्तर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास येतं. हिशेब ढोबळ आहे, कारण वेग कायम सारखा नव्हता आणि रीयुनियन बसलंय ते आफ्रिकेचं भूपट्टही (भूकवचाचा सरकता तुकडा) जागचं हललंय. आज आपण वर्षाला पाचेक सेंटिमीटरने ईशान्येकडे चाललोय. पण सातवीच्या मुलाने स्वतः भागाकार करून खंडाचा वेग काढला की "खंडवहन" हा शब्द त्याला भीती घालत नाही.

आल्फ्रेड वेगेनरने १९१२ मध्ये खंड सरकतात म्हणून सांगितलं तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांनी त्याला उडवून लावलं होतं. का सरकतात हे त्याला सांगता आलं नव्हतं. ते कळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं, आणि पुरावा मिळाला तो समुद्राच्या तळाशी. भारत, आफ्रिका वगैरे पूर्वी ज्यात एकत्र होते त्या जुन्या दक्षिणी महाखंडाला गोंडवन म्हणतात, तेही आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून. वाटल्यास सिन्नरचं गारगोटी संग्रहालय दाखवून आणा. त्याच लाव्हाच्या पोकळ्यांत वाढलेले झिओलाइटचे स्फटिक आहेत तिथे. जगभरातले लोक ते बघायला येतात आणि आपण शिर्डीला जाताना बाजूने निघून जातो.

आई_सिडको

@काळापाषाण, मग मुलीचा पुढचा प्रश्न तयार आहे. भारताचं भूपट्ट वेगळं, तर भारत खंड का नाही? आणि युरोप तर आशियाला चिकटलेलाच आहे, तो कसा काय खंड?

काळापाषाण

मुलीला माझा नमस्कार सांगा. भूशास्त्राने ठरवायचं तर युरोप आणि आशिया बहुतांशी एकाच भूपट्टावर आहेत. उरल पर्वत, कॅस्पियन समुद्र, कॉकेशस अशी जी हद्द आपण काढतो ती इतिहासातून आलेली सवय आहे. इस्तंबूल शहर दोन्ही खंडांत पसरलंय. लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत दोन्ही अमेरिका मिळून एकच खंड शिकवतात. ऑलिंपिकची पाच वर्तुळंही पाचच खंडांची. परीक्षेत सात लिहायचे, पण सात हा आकडा निसर्गाने दिलेला नाही एवढं मुलांना कळू दे.

बाई_निवृत्त

परीक्षेत सात लिहायचे हे ठळक करून सांगा हो. नाहीतर उत्तरपत्रिकेत "सर म्हणाले पाच" असं येतं, आणि तपासणाऱ्याला सर कोण ते माहीत नसतं.

पिंपळगावकर

आम्ही बागायतदार माणसं, भूगोल पुस्तकातला फार येत नाही. पण आमचा माल दोन महासागर ओलांडून जातो.

जानेवारी ते एप्रिल द्राक्षाची निर्यात चालते. शीतगृहात माल गार करायचा, रीफर (आत गारवा राखणारा) कंटेनर भरायचा, न्हावाशेवा बंदराला पाठवायचा. तिथून रॉटरडॅम. मुलांना पृथ्वीगोलावर बोट फिरवायला सांगा: अरबी समुद्र, एडनचं आखात, बाब-अल-मंदेब, तांबडा समुद्र, सुएझ कालवा, भूमध्य समुद्र, जिब्राल्टर, मग अटलांटिकच्या कडेने उत्तर समुद्र. हिंदी महासागरातून अटलांटिकमध्ये, आणि वाटेत तीन खंड दिसतात. एका बाजूला आशिया, एका बाजूला आफ्रिका, पुढे युरोप.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून न्यायला सुरुवात केली. दीड-दोन आठवडे जादा. भाडं वाढलं, आणि माल पोचेपर्यंत घडाची काडी हिरवी राहील का याची धाकधूक. त्या हंगामात आमच्या वाडीवर शाळेत न गेलेल्या माणसालासुद्धा सुएझ कुठे आहे ते पाठ झालं होतं. सुएझ कालवा १८६९ ला उघडला, त्याआधी सगळे असेच वळसा घालून जायचे म्हणे. मार्च २०२१ मध्ये चारशे मीटर लांबीचं एक जहाज त्या कालव्यात आडवं होऊन सहा दिवस अडकलं होतं, ते चित्र मुलांना दाखवा, हमखास आवडतं.

अजून एक. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका यांचा माल युरोपात आमच्या आधी येतो. तिकडे उन्हाळा असतो तेव्हा आपल्याकडे थंडी. त्यांचा माल ओसरायला लागला की आमचा भाव. गोलार्ध म्हणजे काय ते आम्हाला बाजारभावाने शिकवलं.

शनिवारची_शाळा

@पिंपळगावकर दादा, दुसरा जोडतास हाच! प्रत्येक गटाला एक मार्ग, एक सुएझवरून, एक केपवरून. दोऱ्याने पृथ्वीगोलावर मोजायचं आणि दोन दोरे शेजारी धरायचे.

लेणीफिरस्ता

छोटी भर. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन करताना तिने म्हटलंय की त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदाताच्या लेखात सोपारा आणि भरुच ही बंदरं येतात. सतराव्यात एका यवनाने (त्या काळी ग्रीकांना म्हणत) दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे नाशिकच्या माणसाला समुद्र दोन हजार वर्षांपासून माहीत आहे, भले इथून लाट दिसत नसेल. सहल काढा, बस भाडंही वाचेल.

बाई_निवृत्त

सगळं वाचलं. छान आहे. पण एक खटकतं ते सांगते. द्राक्षं नाशिकची, दगड नाशिकचा, लेणी नाशिकची, नदी नाशिकची. मुलाला वाटेल जग म्हणजे नाशिकला जोडलेल्या दोऱ्या. अहो, पॅसिफिकचं काय? तुमच्या एकाही गोष्टीत पॅसिफिक नीट आला नाही, बदकं सोडली तर. पृथ्वीचा जवळपास तिसरा हिस्सा आहे तो!

माझ्या मते मुलाला असंही काही दाखवायला हवं ज्याचा त्याच्याशी अजिबात संबंध नाही. दक्षिण पॅसिफिकमध्ये पॉइंट निमो नावाची जागा आहे. तिथून सगळ्यात जवळची जमीन सुमारे २,७०० किलोमीटरवर, कुठल्याही दिशेला गेलात तरी. अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा तिथल्या सगळ्यात जवळची माणसं म्हणजे वर चारशे किलोमीटरवरचे अंतराळवीर. आणि खोली? मारियाना गर्ता जवळजवळ अकरा किलोमीटर. एव्हरेस्ट आत ठेवलं तरी वर दोन किलोमीटर पाणी उरतं. इथे नाशिक आणायची गरज नाही. मुलाला आ वासू द्या की.

नकाशावेडा

बाईंना जोड. तीस सेंटिमीटरच्या पृथ्वीगोलावर तीच मारियाना गर्ता पाव मिलिमीटर होते आणि महासागरांची सरासरी ३,७०० मीटर खोली वहीच्या कागदाच्या जाडीएवढी. म्हणजे अफाटही आणि पातळही. दोन्ही एका तासात सांगा.

शनिवारची_शाळा

बाई, मुद्दा मान्य, अर्धा. पॅसिफिकचा संबंध नाही असं मी नाही म्हणणार. एल निनो तिथलाच ना? तिकडचं पाणी तापलं आणि २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा गेला. आपल्याच जिल्ह्यात मालेगाव, सिन्नर, येवला दुष्काळी जाहीर झाले. माझ्या वर्गातल्या मुलांना ते वर्ष आठवतं.

काळापाषाण

सांगा, पण सरळ कार्यकारण म्हणून सांगू नका. १९९७ ला एल निनो जबरदस्त होता आणि तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. त्या वेळी हिंदी महासागराच्या पश्चिम भागातलं पाणी जास्त तापलेलं होतं, त्याने सावरून घेतलं असं मानतात. दोन महासागरांची ओढाताण आहे ही.

बाई_निवृत्त

बघा, शेवटी नाशिकच्या पावसावरच आलात! असो. पॉइंट निमो ठेवा म्हणजे झालं. आणि जुलैमध्ये मैदानावर खडूने जग काढणार आहात का? पहिल्या सरीला सगळे खंड वाहून जातील.

शनिवारची_शाळा

हाहा, खरंच की. सभागृहाची फरशी मागते मुख्याध्यापकांकडे. म्हणजे पहिला जोडतास: ब्रह्मगिरी पंधरा मिनिटं (बाई, घड्याळ लावून!), मग चाळीस मुलांचं जग, आणि शेवटी पॉइंट निमो. दुसरा: द्राक्षांचे दोन मार्ग आणि रीयुनियनचा भागाकार. मर्केटर आणि लेणी यावेळी बसत नाहीत. रोजचा कोरा नकाशा वर्गशिक्षिका घ्यायला तयार आहेत.

नकाशावेडा

मर्केटर वगळू नका हो. पाच मिनिटं. मोसंबी मी देतो.

पिंपळगावकर

निर्यातीच्या रिकाम्या पेट्या आणि लेबलं पडून आहेत आमच्या पॅकहाऊसला. द्राक्ष मात्र जुलैमध्ये मागू नका. शनिवारी सकाळची शाळा असेल तर शुक्रवारी संध्याकाळीच आणून टाकतो, फक्त शिपाईमामांना सांगून ठेवा, मागच्या वेळी गेट बंद होतं.